गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं

मार्च सरत आला की रस्त्याच्या कडेला माठांच्या राशी लागतात. घेणारा आधी टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. पसंत पडलेला माठ घरी येतो, एक-दोन दिवस त्यात पाणी भरून ओतून टाकलं जातं, आणि मातकट वास गेला की तो तिवईवर बसतो. मग तो पाझरायला लागतो. बाहेरच्या अंगावर आलेली ओल वाऱ्याने उडते, उडताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेते आणि पाणी गार होतं. हाच माठ जुलैत भरून ठेवला तर पाणी जेमतेम गार होतं. दमट हवेत आधीच भरपूर बाष्प असतं, तिला माठाची ओल उचलण्याची घाई नसते.

आता तो माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरला, तर वारा बाजूला राहतो आणि त्याच्या जागी माती येते. बाहेरची ओल आता हवा उचलत नाही, माती उचलते. कोरडी माती भराभर उचलते, ओली माती सावकाश. बाग शिंपण्याची एक अख्खी पद्धत एवढ्याशा फरकावर उभी आहे. आपल्याकडे तिला मडका सिंचन म्हणतात, मटका सिंचन किंवा घट सिंचनही म्हणतात. ठिबक सिंचनासारखी तिची कुठे जाहिरात दिसत नाही, कारण तिच्यात विकण्यासारखं फार काही नाही. एक मडकं, एक झाकण, एक खड्डा. न दिसणारी चौथी वस्तू म्हणजे मडक्याच्या भिंतीतली सूक्ष्म छिद्रं, आणि खरं काम ती करतात.

या पद्धतीची जुनी आणि तपशीलवार नोंद चीनमधली आहे. हान घराण्यातल्या छंग सम्राटाच्या काळात, म्हणजे इ.स.पू. ३३ ते ७ या दरम्यान, फान शेंगझी नावाचा शेतीतज्ज्ञ राजधानीच्या मुलखातल्या शेतकऱ्यांना शेती शिकवत असे. तो मुलूख कमी पावसाचा, पिवळसर भुसभुशीत मातीचा. त्याचा मूळ ग्रंथ आज शिल्लक नाही. सहाव्या शतकात जिया सिश्ये याने आपल्या मोठ्या शेतीग्रंथात त्यातले बरेच उतारे घेतले, म्हणून ते टिकले. त्यात वेलावरच्या फळांची, कलिंगड-खरबुजाच्या कुळातल्या फळांची लागवड दिली आहे. एका मूमध्ये, म्हणजे त्या काळच्या मापाने आपल्या साडेचार गुंठ्यांच्या आसपास जमिनीत, २४ खड्डे करायचे. प्रत्येक खड्ड्यात भरपूर खत घालून ते मातीत कालवायचं. मधोमध सुमारे ६ लिटरचं मातीचं भांडं असं पुरायचं की तोंड जमिनीच्या पातळीला येईल. भांडं पाण्याने भरायचं, त्याच्या चारी बाजूंना एकेक बी टोचायचं, तोंडावर कौल झाकायचं, आणि पाणी खाली गेलं की पुन्हा काठोकाठ भरायचं.

फान एवढ्यावर थांबत नाही. बियांच्या बाहेरच्या बाजूने भांड्याभोवती कांद्याच्या जातीची दहा रोपं लावा, असं तो सांगतो. फळं पिकेपर्यंत ती पात उपटून विकता येते आणि तिची वेलाला अडचण होत नाही. मधल्या जागेत कडधान्य पेरा, त्याचा पाला भाजीसाठी विका. एका मूमागे दहा हजार नाणी मिळतील, हा आकडाही तो देऊन टाकतो. शेतीवर सल्ला देणाऱ्याला उत्पन्नाचा आकडा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, ही खोड दोन हजार वर्षांत बदललेली नाही. तो आकडा सोडून द्या, पीक मात्र बघण्यासारखं आहे. त्याने वेल निवडला. वेलाची मुळं एका जागी असतात आणि पानं लांबवर पसरतात. तेवढा एक खड्डा ओला ठेवला की वेल सगळी जमीन झाकून टाकतो. मडक्याजवळ काय लावावं, याचं उत्तर या निवडीतच आहे.

थोडा हिशेब करू. २४ खड्ड्यांच्या प्रमाणात हेक्टरी साधारण सव्वापाचशे मडकी होतात. सगळी एकदा काठोकाठ भरायला ३ हजार लिटरहून थोडंसं जास्त पाणी लागतं. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी पडतं. म्हणजे सगळी मडकी भरायला लागणारं पाणी एक मिलिमीटर पावसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. सरी भरून पाणी देताना एका पाळीला ६ सेंटिमीटर पाणी दिलं, तर हेक्टरी ६ लाख लिटर जातं. ही तुलना सरळ नाही, कारण मडकी पुन्हा पुन्हा भरावी लागतात आणि सरीतलं पाणी बरेच दिवस पुरतं. तरीही ३ हजार आणि ६ लाख यांच्यातली दरी केवळ फेऱ्या वाढवून भरून निघत नाही. बाकीचं पाणी उन्हाने उडतं, मुळांच्या खाली उतरतं किंवा तण पोसतं. मडक्यातून पाझरणारं पाणी जमिनीच्या पोटात सुटतं. वरचा थर बहुतेक कोरडा राहतो, त्यामुळे तणाचं बी तिथे रुजत नाही.

ही मडक्याची छिद्रं आव्यात ठरतात. कुंभार माती भिजवतो, तुडवतो, तिच्यात राख किंवा घोड्याची लीद मिसळतो. चाकावरून उतरलेलं मडकं थोडं सुकलं की आतून गोल दगड लावून बाहेरून थापी मारत त्याचं पोट फुगवतो. या ठोकण्याने भिंत पातळ आणि एकसारखी होते. मग भाजणी. साध्या आव्यात माती साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. तेवढ्यात मातीचे कण एकमेकांना धरतात, पण वितळून एकजीव होत नाहीत. मिसळलेली लीद जळून जाते आणि तिच्या जागी पोकळी राहते. चिनी मातीची बरणी १२०० अंशांच्या पुढे भाजतात. तिथे माती काचेसारखी होते, छिद्रं मिटतात, म्हणून लोणच्याची बरणी पाझरत नाही. बागेसाठी हवी ती कच्चीही नाही आणि अति पक्कीही नाही, अशी मधली भाजणी. गावच्या कुंभाराचं साधं मडकं नेमकं तसंच असतं.

भिंतीतून पाणी बाहेर येण्याची कारणं दोन. एक, आतल्या पाण्याचा दाब. मडकं वीतभर उंच असेल तर तळाशी वीस सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब असतो, म्हणजे फारच थोडा. दुसरं कारण बाहेरच्या मातीची ओढ. कोरड्या मातीच्या बारीक पोकळ्या पाणी आपल्याकडे खेचतात. पाऊस पडून जादा पाणी निथळून गेल्यावर जमीन ज्या वाफशाला येते, त्या अवस्थेतही भारी जमिनीत ही ओढ साधारण एक तृतीयांश बार असते. पाण्याच्या उंचीत मोजली तर सुमारे साडेतीन मीटर. पीक सुकून मान टाकतं आणि पुन्हा वर येत नाही, त्या अवस्थेला ती १५ बार, म्हणजे दीडशे मीटरच्या घरात गेलेली असते. मडक्याच्या दाबापुढे ही ओढ कितीतरी मोठी आहे. म्हणून मडकं पाणी ‘देतं’ असं म्हणण्यापेक्षा माती ते ओढून घेते असं म्हणणं खरं. भोवतालची माती भिजली की ओढ जवळजवळ संपते आणि भिंतीतून जेमतेम झिरपण उरते. मुळांनी मातीतलं पाणी प्यायलं की ओढ पुन्हा वाढते. केव्हा आणि किती द्यायचं हे माणसाला ठरवावं लागत नाही. माणसाचं काम एवढंच, मडकं रिकामं राहू द्यायचं नाही.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. माती ओली असली की मडकं पाणी द्यायचं पूर्ण थांबतं, असं काही ठिकाणी छापलेलं असतं. तसं होत नाही. आतला दाब थोडा का होईना असतोच, त्यामुळे झिरपण चालू राहते. पण ती इतकी कमी असते की रोप कुजावं एवढा चिखल सहसा होत नाही. याउलट अगदी भाजून निघालेल्या जमिनीत पहिल्याच दिवशी मडकं पुरलं तर पाणी अपेक्षेइतकं भराभर जात नाही. कोरड्या मातीची ओढ जबर असते, पण तिच्यातून पाणी पुढे सरकायला ओलीची वाट लागते आणि ती अजून तयार झालेली नसते. म्हणून पुरतानाच भोवतालची माती भिजवून घ्यायची.

आपल्याकडे जे पुष्कळदा मडका सिंचन म्हणून दाखवलं जातं, त्याबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. मडक्याच्या बुडाला भोक पाडतात, त्यात चिंधीची वात किंवा काथ्याची दोरी घालतात आणि ते आंब्याच्या किंवा चिकूच्या कलमाशेजारी ठेवतात. उन्हाळ्यात कलमं जगवायला हा उपाय चांगला आहे, त्याने असंख्य झाडं जगली आहेत. पण त्याचं तत्त्व वेगळं. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर, काही घरी तुळशीवरही, भोकाच्या भांड्याची गळती टांगतात. तिच्यातून थेंब पडतात ते वजनाने. पिंडी तापली आहे की थंड, याचा त्या थेंबांशी संबंध नसतो. वातीचं मडकं बरंचसं तसंच वागतं. वात सैल बसली तर रात्रीत रिकामं, घट्ट बसली तर आठवडाभर भरलेलं. वात शेवाळली की बंद. भिंतीतून पाझरणाऱ्या मडक्याला मातीचं ऐकू येतं, भोकाच्या मडक्याला फार कमी. प्लॅस्टिकच्या बाटलीला सुईने छिद्र पाडून कुंडीत उलटी खोचतात, तिला तर अजिबात नाही. मडक्याची भिंत पाझरणारी असेल तर भोक पाडण्याची गरजच नसते. तेलरंग दिलेलं, चकाकणारं, बाहेर पाणी न येणारं मडकं हाती लागलं तरच वातीकडे वळावं.

आधुनिक काळात भारतात या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास हरियाणात कर्नाल इथे झाला. तिथे केंद्रीय मृदा लवणता अनुसंधान संस्था १९६९ पासून आहे. खारवलेल्या जमिनी आणि खारं पाणी हे तिचं क्षेत्र. तिथले शास्त्रज्ञ आर. सी. मंडल यांनी १९७० च्या दशकात मडक्याच्या शेतीवर प्रयोग केले, १९७४ मध्ये ‘वर्ल्ड क्रॉप्स’ या नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. नेहमीच्या पद्धतीने दिलं तर पीक जळेल अशा खारट पाण्यावरही मडक्याभोवती भाज्या वाढतात, हा त्या कामातला सगळ्यात लक्षवेधी भाग. कारण समजायला सोपं आहे. सरीने खारं पाणी दिलं की दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत जमीन सुकत जाते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि मुळांभोवतीचा द्राव दिवसेंदिवस अधिक खारट होतो. मडक्याजवळची माती कधी सुकत नाही. पाणी सतत आतून बाहेर सरकत असतं आणि मीठ आपल्यापुढे ढकलत ओलीच्या कडेला आणि पृष्ठभागाकडे नेऊन टाकतं. मुळं मडक्याच्या पोटाला चिकटून असतात, म्हणजे मिठापासून लांब. पावसाळ्यात तो पांढरा पापुद्रा धुऊन जातो. जिथे पाऊस जवळजवळ नाहीच, तिथे मात्र तो वर्षानुवर्षं साठत राहील.

हे वाचताना विदर्भातल्या माणसाला पूर्णेचं खोरं आठवेल. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असून ते पिकाला चालत नाही. परसबागेत दुधी, दोडका, वांगं काढायला मडकं तिथे उपयोगी पडायला हरकत नाही. एक सावधगिरी हवी. त्या पट्ट्यात नुसतं मीठ नाही, पाण्यात सोडियमही जास्त आहे. सोडियममुळे काळी माती घट्ट होते, तिच्यात पाणी मुरत नाही. मीठ ओलीच्या कडेला ढकललं म्हणून ही तक्रार मिटत नाही. पाणी आणि माती दोन्ही तपासून मग काय ते ठरवावं.

कर्नालच्या पुढे ही कल्पना बरीच फिरली. अमेरिकेत डेव्हिड बेनब्रिज यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात उजाड जमिनीवर स्थानिक झाडं पुन्हा उभी करताना पुरलेल्या मडक्यांचा वापर केला आणि २००१ मध्ये या पद्धतीचा आढावा शोधनिबंधात मांडला. आता तिकडच्या बागप्रेमींमध्ये अशी मडकी लोकप्रिय आहेत, ऑनलाइन मिळतात. किंमत ऐकली तर आपल्या कुंभाराला घेरी येईल.

घरी करायचं तर सुरुवात मडक्याच्या निवडीपासून. कुंभारवाड्यात गेलात तर शोभेचं घेऊ नका. वर तेलरंग, लाख किंवा चकाकी असलेलं नको. गेरूचा पातळ हात चालतो. पाच-सहा लिटरचं, गोल पोटाचं, अरुंद तोंडाचं मडकं उत्तम. पोट गोल असल्याने पाझरायला अंग जास्त मिळतं, तोंड अरुंद असल्याने पाणी उडत नाही. घरी आणून ते काठोकाठ भरा आणि सावलीत कोरड्या फरशीवर ठेवा. दुसऱ्या दिवशी बघा. अंगभर एकसारखी ओल दिसली की मडकं पास. खाली थारोळं साचलं असेल तर तडा आहे. बाहेरून कोरडं ठाक असेल तर ते पाझरणार नाही. जुना, दोन उन्हाळे वापरलेला माठ या परीक्षेत बऱ्याचदा नापास होतो, कारण पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. पाणी गार होत नाही म्हणून बाजूला टाकलेला माठ बागेत कामाला लावावा असं कोणालाही सुचेल. पण ज्या कारणाने तो स्वयंपाकघरात निकामी झाला, त्याच कारणाने जमिनीतही निकामीच ठरतो.

खड्डा मडक्याच्या दुप्पट रुंद आणि गळा जमिनीवर दोन बोटं राहील एवढा खोल घ्यायचा. निघालेल्या मातीतले गोटे काढायचे, कुजलेलं शेणखत मिसळायचं. मग सगळ्यात महत्त्वाची आणि हमखास घाईत उरकली जाणारी गोष्ट. त्याच मातीचा थोडा चिखल करून मडक्याच्या बाहेरून पोटाला लिंपायचा, मडकं खड्ड्यात बसवायचं आणि भोवतीची माती थोडी थोडी घालत हाताने दाबत यायचं. भिंत आणि माती यांच्यात कुठेही पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली तिथे ओढ तुटते, आणि तेवढ्या भागातून पाणी मातीत जात नाही. वर राहिलेल्या गळ्याला चुन्याचा हात दिला तर तेवढ्यापुरती उन्हाची झळ कमी होते. तोंडावर परळ, कौलाचा तुकडा किंवा शहाबादी फरशीचा चौकोन ठेवायचा.

रोपं भिंतीपासून चार-पाच बोटं लांब. ओल कुठवर पोहोचते हे मातीवर ठरतं. भारी काळ्या जमिनीत ती दीड-दोन विती पसरते. मुरमाड किंवा वाळूच्या जमिनीत वीतभरही जात नाही, तिथे पाणी बाजूला सरकण्याआधी खाली उतरतं. म्हणून हलक्या जमिनीत एका मोठ्या मडक्यापेक्षा दोन लहान मडकी बरी. काळ्या जमिनीची वेगळी कटकट. सुकली की ती आकसते, भेगाळते. मडकं मे महिन्यात दोन आठवडे कोरडं राहिलं तर माती भिंतीपासून सुटते, आणि पुन्हा पाणी भरलं तरी ते नुसतं आत उभं राहतं. अशा वेळी वरून पाणी घालून, कडेची माती काठीने कोचून पुन्हा बसवावी लागते.

बी पेरताना एक चूक अनेकांच्या हातून होते. मडकं भरलं आहे म्हणून वरून पाणी घालत नाहीत आणि बी उगवत नाही. मडक्याची ओल खाली असते, वरची दोन बोटं कोरडी. बी उगवून मुळं खाली उतरेपर्यंत झारीने पाणी द्यावंच लागतं. मेथी, कोथिंबीर यांसारख्या दाट पेरायच्या, वरवर मुळं असणाऱ्या भाज्यांना मडकं फारसं लाभत नाही. काकडी, कारलं, दुधी, दोडका, टोमॅटो, वांगी, मिरची यांना लाभतं. केळ, बांबू किंवा वड-पिंपळाच्या जातीचं काही मडक्याजवळ लावू नये. मुळं पाण्याकडे जातात, भिंतीला वेढा घालतात आणि जाड होत गेली की मडकं फोडतात.

गच्चीतल्या आणि गॅलरीतल्या बागेसाठी संक्रांतीची सुगडं सोयीची. वाण देऊन झाल्यावर घरात एक-दोन उरतातच, आणि पुढे उन्हाळा असतो. पाव-अर्धा लिटरचं सुगड बारा इंची कुंडीत तोंडापर्यंत पुरायचं, वर पणती पालथी घालायची. एप्रिलच्या उन्हात ते रोज भरावं लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. सुगडाने महिनाभराच्या सहलीची सोय होत नाही, जेमतेम शनिवार-रविवारची होते. मोठ्या कुंडीत किंवा ड्रममध्ये भाजीपाला असेल तर दोन सहा इंची, रंग न दिलेल्या मातीच्या कुंड्या घ्या. एकीच्या बुडाचं भोक एम-सीलने किंवा सिमेंटने बंद करा. मग दोन्हींचे काठ एकमेकांवर टेकवून सांधा सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवा. वर राहिलेलं भोक पाणी भरायला. सांधा पूर्ण वाळल्यावर पाण्याची परीक्षा घेऊन मगच पुरा. गळणारा सांधा नंतर उकरून काढायचा म्हणजे निम्मी रोपं मुळासकट हातात येतात.

मडक्यात स्वच्छ पाणीच घालायचं. जीवामृत, शेणाची स्लरी, ताक, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, यातलं काहीही आत गेलं की भिंतीची छिद्रं बुजतात. खत बाहेरून, मातीत. बोअरवेलच्या जड पाण्याने एक-दोन हंगामांत भिंतीवर पांढरा थर येतोच. मडकं काढून पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात रात्रभर भिजवावं, काथ्याने घासावं, धुऊन कडक उन्हात वाळवावं. थोडा फरक पडतो. नवीन मडक्यासारखं होईल अशी आशा ठेवू नये.

आता या पद्धतीची हद्द. हेक्टरी सव्वापाचशे मडकी हाताने एकदा भरायची म्हणजे १५ लिटरच्या बादलीच्या दोनशेहून अधिक फेऱ्या, आणि तेही दर तीन-चार दिवसांनी. मजूर मिळत नाहीत अशा काळात हे कोणी करणार नाही, करू म्हणणाऱ्यालाही मी थांबवीन. नळीने मडकी भरायची सोय केली तर निम्मा खर्च ठिबकचाच होतो. मग ठिबकच का नको? पाणी वाचवायचं म्हणून ऊस मडक्यावर घ्यायची कल्पनाही कुणी काढू नये. वाढलेली फळबाग मडक्याने वाचत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. त्या वाढलेल्या झाडांची उन्हाळ्यातली तहान बादल्यांच्या हिशेबात असते आणि एका मडक्याच्या भिंतीतून दिवसभरात तेवढं पाणी बाहेर पडूच शकत नाही. भिंतीची गती हीच तिची मर्यादा.

मडकं बसतं ते लहान झाडाजवळ. कोकणात ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभ्याच्या जमिनीतून तो निथळून जातो, आणि जानेवारी ते मे या महिन्यांत आंबा-काजूच्या नव्या कलमांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालावंच लागतं. कलमं डोंगरउतारावर, पाणी खाली, वर नेणार डोक्यावरून. तिथे दोन मडकी दोन बाजूंना पुरली की रोजची फेरी आठवड्यातून दोनदावर येते. पाणी वाचतं ते आहेच, पण त्याहून माणसाची ये-जा वाचते. शाळेचं आवार, रस्त्याकडेची नवी झाडं, टँकरवर जगणाऱ्या वस्तीतली परसबाग, ही मडक्याची हक्काची ठिकाणं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा उन्हाळ्यात अंगणातल्या लिंबाच्या रोपाला हंडाभर पाणी एकदम ओतणं कोणालाच परवडत नाही. तेच पाणी पुरलेल्या मडक्यात गेलं तर चार दिवस पुरतं.

मडक्यात किती पाणी राहिलं हे बघायला बांबूची काडी पुरते. तिच्यावर खुणा करून रोज एकाच वेळी बुडवून बघितलं की झाडाची तहान मोजता येते. उष्ण वारा सुटला की खूण झपाट्याने खाली सरकते, मळभ आलं की जागच्या जागी राहते. उन्हाळा तसाच आहे, रोपही तजेलदार आहे, पण खूण मात्र दोन-तीन दिवस हललेली नाही, असं दिसलं तर छिद्रं बुजली आहेत किंवा माती भिंतीपासून सुटली आहे. रोप कोमेजण्याआधीच ते कळतं. एक-तृतीयांश पाणी उरलं की भरावं. पूर्ण रिकामं होऊ दिलं तर क्षार भिंतीच्या आतच सुकून बसतात.

एक अडचण राहिली, ती शहरात जास्त. जमिनीत असलं तरी ते साचलेलं पाणीच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. मडक्याला कोरडा दिवस पाळता येत नाही. तेव्हा झाकण नुसतं ठेवून भागत नाही. परळ आणि मडक्याचा काठ यांच्यात बोटभर फट असली तरी डासाला वाट मिळते. तोंडावर जुन्या साडीचं सुती कापड दुहेरी ताणून सुतळीने बांधावं आणि त्यावर परळ ठेवावं. पाणी कापडातूनच ओतता येतं, गाळही वर अडतो. उन्हाने ते दोन महिन्यांत विरतं आणि सुतळी उंदीर कुरतडतात, म्हणून पावसाळा तोंडावर आला की दोन्ही बदलावीत. कोकणात तर जून ते सप्टेंबर मडक्याला कामच नसतं. तेवढे महिने ते काढून, धुऊन, पालथं ठेवलेलं बरं.